गरम तारेचा फोम कटर : घरी बनवा, पण हिशेबाने

आमचा व्यवसाय कापडाचा. गादीच्या खोळीचे कापड, सोफ्याचे टेपेस्ट्री कापड, रेक्झिन, निवार आणि फीत असा माल आम्ही भिवंडीतून गादीवाल्यांना, सोफा बनविणाऱ्यांना आणि छोट्या शिलाई कारखान्यांना पुरवितो. तेव्हा कापडाच्या व्यापाऱ्याने थर्माकोल कापण्याच्या यंत्रावर लेख का लिहावा, असा प्रश्न वाचक बंधूंना पडणे साहजिक आहे.

कारण असे की, गेली काही वर्षे आमच्या गिऱ्हाइकांकडून एकच विचारणा वारंवार होते. थर्माकोल ब्लेडने कापला तर दाणे सांडतात, कडा तुटतात, दहा तुकड्यांत दोन वाया जातात. गरम तारेने तो लोण्यासारखा कापला जातो असे सर्वांनी ऐकलेले आहे, पण तयार यंत्राची किंमत लहान कारीगराला झेपत नाही. मग हे यंत्र घरी बनविता येईल काय?

येईल. सुताराचे साधे काम आणि विजेचे थोडे सामान एवढ्यावर ते एका दिवसात उभे राहते. परंतु अनेक ठिकाणी ते ज्या पद्धतीने बनविले जाते ती पद्धत जिवावर बेतणारी आहे. आम्ही स्वतः ती चूक केलेली आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या गोदामात एका ओळखीच्या कारीगराने असा कटर बनवून दिला. लाकडी चौकटीत तार ताणलेली, तिच्या सिरीजमध्ये दोन-तीन मोठे बल्ब जोडलेले, आणि प्लग थेट घरगुती विजेच्या सॉकेटमध्ये. बल्ब असल्यामुळे करंट आवाक्यात राहतो, तार लाल होत नाही आणि ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचतो, असे त्याचे म्हणणे होते. यंत्र कापत होते उत्तम. आम्हीही खूष होतो.

पावसाळ्यात एके दिवशी आमच्याकडे काम करणाऱ्या एका पोराने ओल्या हाताने थर्माकोल पुढे सारला आणि बोट तारेला लागले. पोरगा मागे फेकला गेला. सुदैवाने हात सुटला, म्हणून वाचला. संध्याकाळी त्याची आई दुकानावर आली. तिने भांडण केले नाही. एवढेच म्हणाली, "सेठ, पोरगा कामावर येईल, पण त्या तारेजवळ त्याला उभा करू नका." त्याच रात्री आम्ही ते यंत्र मोडले.

नंतर एका जाणकार वायरमनने समजावून सांगितले ते प्रत्येक कारखानदाराने ध्यानात ठेवावे. सिरीजमधील बल्ब करंट कमी करतो, पण माणसाला वाचवीत नाही. उघडी तार २३० व्होल्टच्या फेजला जोडलेलीच असते आणि तिला हात लावणारा माणूस थेट घरगुती विजेला हात लावीत असतो. डिमर किंवा पंख्याचा रेग्युलेटर मध्ये घातला तरी तेच. ज्याला व्हेरिअ‍ॅक किंवा डिमरस्टॅट म्हणतात त्यानेही संरक्षण मिळत नाही, कारण त्यातील आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज एकाच गुंडाळीवर असते. संरक्षण मिळते ते दोन वेगळ्या गुंडाळ्यांच्या ट्रान्सफॉर्मरनेच. त्यात उघड्या तारेचा घरगुती विजेशी धातूचा संबंध राहत नाही आणि व्होल्टेज ६ किंवा १२ एवढेच असते. या तारेला हात लागला तर चटका बसेल, पण झटका बसणार नाही.

तार कापते कशी?

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'मुजाहमत' असा शब्द होता, मराठीत त्यालाच रोध म्हणतात. वीज तारेतून जाताना तार तिला अडविते, आणि त्या अडवणुकीतून उष्णता निर्माण होते. तांबे फारच कमी अडविते म्हणून ते वायरिंगला चांगले. तापवायला हवी ती जास्त अडविणारी आणि तापूनही न गंजणारी तार. ती म्हणजे नायक्रोम : साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम. अल्बर्ट मार्श या अमेरिकन संशोधकाला या मिश्रधातूचे पेटंट १९०६ साली मिळाले. आपल्या घरातील शेगडीची आणि इस्त्रीची कॉइल याच जातीची असते.

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे फुगविलेले दाणे. त्यात सुमारे ९८ टक्के हवाच असते. हे प्लॅस्टिक १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. तार २०० अंशांच्या जवळपास असेल तर थर्माकोल तारेला टेकण्याच्या किंचित आधीच वितळून बाजूला सरकतो आणि दोन्ही बाजूंना गुळगुळीत कड उरते. तार फार थंड असेल तर ती अडकते व वाकते. फार गरम असेल तर फट रुंद होते, धूर निघतो आणि माप चुकते. सारांश, या यंत्राचा सर्व हुनर तारेची उष्णता बरोबर राखण्यात आहे.

तारेचा आणि व्होल्टचा हिशेब

बहुतेक लोक येथेच चुकतात. हाताला लागेल तो ट्रान्सफॉर्मर आणि मिळेल ती तार घेतात. मग एक तर तार तापत नाही, नाहीतर लाल होऊन तुटते. वास्तविक हिशेब तिसरीच्या मुलाला येईल इतका सोपा आहे : व्होल्टला रोधाने भागले की करंट मिळतो.

आपल्या बाजारात तार एस.डब्ल्यू.जी. नंबरने मिळते. २८ नंबरची नायक्रोम तार ०.३७६ मि.मी. जाड असते आणि तिच्या एका मीटरचा रोध सुमारे १० ओहम भरतो. थर्माकोल कापण्यासाठी या तारेतून सुमारे १.२ अँपिअर करंट जावा लागतो. आता पाहा :

१ मीटर तार, रोध १० ओहम, १२ व्होल्ट दिले तर १.२ अँपिअर.

अर्धा मीटर तार, रोध ५ ओहम, ६ व्होल्ट दिले तर तेच १.२ अँपिअर.

लांबी निम्मी केली की व्होल्टही निम्मे करायचे, एवढेच सूत्र. या तारेसाठी ढोबळ नियम असा की दर ८ सें.मी. लांबीला १ व्होल्ट द्यावा. कोणी १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर २५ सें.मी. तार जोडली तर रोध अडीच ओहम, करंट जवळजवळ ५ अँपिअर. मग तार लालभडक होणार आणि ट्रान्सफॉर्मर जळणार, यात दुकानदाराचा काय दोष?

तार थोडी मजबूत हवी असेल तर २६ नंबर घ्यावी. तिची जाडी ०.४५७ मि.मी. आणि रोध मीटरला साडेसहा ओहमच्या आसपास. ६ व्होल्टवर ही तार ६० सें.मी. ठेवली की सुमारे दीड अँपिअर करंट जातो व तो पुरेसा होतो.

खरेदी करताना एक सावधगिरी बाळगावी. अमेरिकन नंबर (ए.डब्ल्यू.जी.) वेगळा असतो. अमेरिकन २८ नंबरची तार ०.३२ मि.मी. म्हणजे बारीक असते आणि तिचा हिशेब बदलतो. शंका आली तर मल्टिमीटरने एक मीटरचा रोध मोजून घ्यावा. जुन्या शेगडीची कॉइल सरळ करून वापरू नये. ती ठिसूळ झालेली असते आणि पीळ राहिल्यामुळे कापही सरळ येत नाही.

लागणारे सामान

१) ६-०-६ व्होल्टचा, ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. याला बाहेरच्या बाजूस तीन वायरी असतात. मधली आणि एक टोक घेतले तर ६ व्होल्ट, दोन्ही टोके घेतली तर १२ व्होल्ट. एकाच ट्रान्सफॉर्मरवर अर्धा मीटर आणि एक मीटर अशी दोन्ही कामे होतात.

२) २८ नंबरची नायक्रोम तार २ ते ३ मीटर.

३) १८ मि.मी. प्लायचा ६० × ४५ सें.मी. तुकडा, आणि उभ्या-आडव्या खांबासाठी दोन इंची लाकडी पट्टी.

४) एक लहान, ताणाची स्प्रिंग. दोन पितळी बोल्ट, नट आणि वॉशर. एक क्रोकोडाइल क्लिप.

५) तीन पिनांचा प्लग व वायर, स्विच, फ्यूज होल्डर दोन, ट्रान्सफॉर्मरसाठी बंद डबा, आणि दारावरच्या घंटीचे असते तसे दाबाचे बटन.

६) हायलम शीटचा दोन इंची चौकोन.

हे सर्व मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि लोहार चाळीच्या परिसरात किंवा पुण्यात बुधवार पेठेत एका फेरीत मिळते. इतर गावांत मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या कारीगराकडे चौकशी करावी. तो ट्रान्सफॉर्मर बांधूनही देतो.

ट्रान्सफॉर्मरऐवजी एल.ई.डी. पट्ट्यांसाठी मिळणारा १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा चांगल्या प्रतीचा अडॅप्टर आणि त्यापुढे डी.सी. मोटरचा वेग कमी-जास्त करणारा नियंत्रक जोडला तरी चालते. त्यात एक बटन फिरवून उष्णता जुळविता येते. मात्र बटन शून्याकडे ठेवून मग हळूहळू वाढवावे. अगदी स्वस्त, शिक्का नसलेला अडॅप्टर घेऊ नये, कारण आत दोन विजांमधील अंतर नीट राखलेले नसेल तर आपण पुन्हा पहिल्याच धोक्यात जातो.

बांधणी

आपल्या वाचकांपैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा पिंजारी होते. गावोगाव फिरून पिंजणाने कापूस पिंजणे हा त्यांचा धंदा. त्या पिंजणाची तात कशी सदैव ताणलेली असे, हे ज्याने पाहिले आहे त्याला या यंत्राची निम्मी बांधणी समजली. तार सैल पडली की काम बिघडले.

प्लायच्या खाली चार पाय लावून ते जमिनीपासून ८ ते १० सें.मी. उंच करावे. मागच्या कडेला ४५ सें.मी. उंचीचा खांब पक्का बसवावा आणि त्याच्या डोक्यावरून पुढे येणारा आडवा हात लावावा. सांध्याला आतून तिरकी पट्टी ठोकावी, नाहीतर तारेच्या ओढीने हात खाली झुकतो. आडव्या हाताच्या टोकाखाली बरोबर ओळंब्यात प्लायला भोक पाडावे. भोकावर हायलमचा तुकडा खाचेत बसवून त्याला तारेपुरते बारीक छिद्र पाडावे, म्हणजे गरम तारेने लाकूड जळणार नाही.

तारेचे वरचे टोक आडव्या हातातील पितळी बोल्टला दोन वॉशरमध्ये दाबून घट्ट करावे. खालचे टोक छिद्रातून खाली घेऊन स्प्रिंगला बांधावे आणि स्प्रिंगचे दुसरे टोक खालच्या बोल्टला अडकवावे. स्प्रिंग कशासाठी? तार तापली की लांबते. एक मीटर तार २०० अंश तापली तर जवळजवळ ३ मि.मी. वाढते, अर्धा मीटर दीड मि.मी. स्प्रिंग तेवढा ढिलेपणा खाऊन टाकते.

विजेची एक वायर वरच्या बोल्टला जोडावी. दुसरी वायर क्रोकोडाइल क्लिपला जोडून ती क्लिप स्प्रिंगच्या वर, प्रत्यक्ष तारेवर लावावी. करंट स्प्रिंगमधून जाता कामा नये, कारण तापलेली स्प्रिंग आपला ताण गमावते. झाळण करण्याच्या भानगडीत पडू नये. नायक्रोमला साधे झाळण धरत नाही आणि धरले तरी उष्णतेने सुटते. चौकट लोखंडी केली तर दोन्ही बोल्ट चौकटीपासून वेगळे राखावे लागतात, म्हणून पहिले यंत्र लाकडीच करावे.

वरच्या बोल्टपासून क्लिपपर्यंतचे अंतर ५० सें.मी. ठेवावे. क्लिप वर सरकविली की तार जास्त गरम, खाली सरकविली की कमी. यापेक्षा स्वस्त रेग्युलेटर नाही.

ट्रान्सफॉर्मर झाकणाच्या डब्यात बसवावा. घरगुती विजेच्या बाजूस अर्ध्या अँपिअरचा आणि तारेच्या बाजूस ३ अँपिअरचा फ्यूज टाकावा. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा आणि डबा धातूचा असल्यास तोही तिसऱ्या पिनने अर्थला जोडावा. दाबाचे बटन ६ व्होल्टच्या बाजूस लावावे : बोट दाबलेले तोवरच तार गरम, बोट काढले की थंड. हे बटन वगळण्याचा मोह कारीगरांना होतो. त्यांना सांगावे की गोदामातील आगी बहुधा चालू विसरलेल्या वस्तूंनीच लागतात.

डब्यातील २३० व्होल्टची जोडणी स्वतः येत नसेल तर वायरमनकडून करून घ्यावी. त्याची मजुरी हा या यंत्रावरील सर्वांत चांगला खर्च आहे.

पहिली चाचणी

प्लग लावण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन गोष्टी पाहाव्या. तारेचा रोध ५ ओहमच्या आसपास आहे काय, आणि प्लगच्या कोणत्याही पिनेपासून कापणाऱ्या तारेपर्यंत वीज जाण्याचा मार्ग नाही ना. दुसऱ्या तपासणीत मीटर थोडाही हलला तर यंत्र चालू करू नये.

नंतर खोलीत अंधार करून बटन दाबावे. तार अजिबात लाल दिसता कामा नये. लाल झाली म्हणजे ती ५०० अंशांच्या वर गेली. मग क्लिप खाली सरकवून तारेची लांबी वाढवावी.

आता थर्माकोलचा टाकाऊ तुकडा हळूच पुढे सारावा. तुकडा ढकलायचा नाही, तारेच्या चालीने द्यायचा. कापून झाल्यावर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले आणि धूर नसेल, तर उष्णता बरोबर आहे असे समजावे. तार मध्ये वाकत असेल तर हात घाईत आहे किंवा तार थंड आहे. फट रुंद होत असेल तर तार जास्त गरम आहे. शागीर्दाला एवढी तीन लक्षणे शिकविली की बाकी हात आपोआप बसतो.

सरळ कापासाठी टेबलावर गुण्याने मापून लाकडी पट्टी शिकंजाने आवळावी व तिच्या आधाराने तुकडा सरकवावा. गोल कापासाठी तारेपासून त्रिज्येएवढ्या अंतरावर प्लायमध्ये बारीक खिळा मारून त्याचे टोक वर ठेवावे, थर्माकोल त्यावर टोचून फिरवावा. एकाच मापाचे शंभर तुकडे हवे असतील तर सनमायकाचे दोन सारखे नमुने कापून ते थर्माकोलच्या दोन्ही अंगांस टाचणीने बसवावेत. तार नमुन्याच्या कडेने फिरते आणि शंभरावा तुकडा पहिल्यासारखाच निघतो. मात्र कोपऱ्यावर थांबू नये. तार थांबते तेथे खड्डा पडतो.

काय कापावे, काय कापू नये

लेखाचा हा भाग आमच्या गादीवाल्या बंधूंनी दोनदा वाचावा.

गरम तार थर्माकोलसाठी आहे. पॅकिंगमध्ये येणारा पांढरा, गुळगुळीत, लवचीक पॉलिथिलिन फोम (ज्याला बाजारात ई.पी.ई. म्हणतात) हाही तिने कापता येतो. परंतु गादी, सोफा आणि उशीचा जो फोम असतो तो पॉलियुरेथेन, म्हणजे पी.यू. फोम. तो तारेपुढे स्वच्छ वितळत नाही, जळतो आणि करपतो. त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड, आयसोसायनेट आणि कार्बन मोनॉक्साइड असे विषारी वायू असतात. आयसोसायनेटने दम्यासारखा विकार जडतो आणि एकदा जडला की थोड्याशा संपर्कानेही उठतो. लहान दुकान, खाली ओढलेले शटर आणि दिवसभर त्या धुरात बसलेले दोन पोरगे, हे दृश्य आम्ही पाहिलेले आहे. गिऱ्हाइकाला कड थोडी सुबक मिळावी म्हणून कारीगराने आपली छाती द्यावी, हा कोणता व्यापार?

पी.यू. फोमला लांब पात्याची, बारीक दातांची सुरी किंवा विजेवर चालणारी फोम कापण्याची सुरीच योग्य. मोठ्या कारखान्यांतही तो पात्यानेच कापतात.

ओळख कशी पटवावी? तुकड्यावर पाण्याचे थेंब टाकून दाबावा. गादीचा फोम पाणी पितो आणि त्यातून तोंडाने फुंकर आरपार जाते. थर्माकोल आणि ई.पी.ई. पाणी पीत नाहीत. थर्माकोलचे दाणे डोळ्यांना दिसतात. साइनबोर्डसाठी वापरतात तो कडक पांढरा पी.व्ही.सी. फोम बोर्डही पाणी पीत नाही, पण त्यालाही गरम तार लावू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा जळजळणारा वायू निघतो. वस्तू कशाची आहे ते कळत नसेल तर ती तारेजवळ नेऊ नये.

थर्माकोलचा धूरही निरुपद्रवी नाही. तार प्रमाणात गरम असेल तर धूर फार थोडा होतो, तरी खिडकी उघडी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असावा. शिवाय थर्माकोल फुगविण्यासाठी पेंटेन नावाचा ज्वलनशील वायू वापरतात आणि ताज्या ब्लॉकमध्ये तो काही काळ राहतो. म्हणून कारखान्यातून नुकताच आलेला ब्लॉक लगेच कापू नये, हवेशीर जागेत काही दिवस ठेवावा. कापण्याच्या जागी कतरण साठू देऊ नये, जवळ रेतीची बादली ठेवावी आणि विडी-सिगारेटला मनाई करावी.

कापडाच्या धंद्यात उपयोग

हेच यंत्र आमच्या व्यवसायातही उपयोगी पडते. नायलॉन किंवा पॉलिस्टरची निवार, फीत, बॅगेचा पट्टा कात्रीने कापला की टोकाचे धागे सुटतात. गरम तारेने कापला तर टोक वितळून आपोआप बंद होते आणि दुमडून शिवण्याची मेहनत वाचते. कृत्रिम धाग्याचे कापड विणणाऱ्या काही आधुनिक मागांवरही किनार याच तत्त्वाने गरम तारेने कापली जाते.

फक्त येथे उष्णता जास्त हवी, कारण नायलॉन २२० ते २६० अंशांच्या दरम्यान आणि पॉलिस्टर २६० अंशांच्या जवळ वितळतो. म्हणून २८ नंबरच्या तारेवर क्लिप ३५ सें.मी.वर घ्यावी. ६ व्होल्टवर सुमारे १.७ अँपिअर करंट जातो. काम झाल्यावर क्लिप परत ५० वर आणावी. सुती कापड, सुती निवार किंवा सूत मिसळलेली फीत मात्र तारेला लावू नये. सूत वितळत नाही, पेट घेते. घरी बसून फीत कापणाऱ्या भगिनींना काम देताना ही गोष्ट स्पष्ट सांगावी, आणि लहान मुले असलेल्या खोलीत हे यंत्र देऊच नये.

धंदा कोणता उरला?

एके काळी अशा कटरवर मखरे, लग्नाच्या स्टेजवरील नावांची अक्षरे आणि कमानी बनवून पुष्कळ कुटुंबे चालत. ती वाट आता बंद झाली आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. त्यात थर्माकोलची ताटे-वाट्या आणि थर्माकोलची सजावट आली. त्यानंतर केंद्र सरकारच्या नियमानुसार १ जुलै २०२२ पासून सजावटीसाठी थर्माकोल देशभर बंद झाला. जुन्या ओळखीचे गिऱ्हाईक आले तरी हे काम घेऊ नये. दंड होतो, माल जप्त होतो आणि तयार केलेली मेहनत वाया जाते.

यंत्राला काम उरते ते वेगळे आहे. काच, पितळी भांडी, यंत्रांचे सुटे भाग यांच्या मापाचे संरक्षक पॅकिंग, थंड माल पाठविण्याच्या पेट्यांचे तुकडे, पत्र्याच्या छताखाली उष्णता अडविण्यासाठी बसवायच्या शीट, आणि ओतशाळांसाठी नमुने. ओतकामाच्या एका पद्धतीत थर्माकोलचा नमुना वाळूत पुरून त्यावर वितळलेला धातू ओततात. नमुना जळून जातो आणि त्याच्या जागी धातूची वस्तू तयार होते. या सर्व कामांत सजावटीपेक्षा नक्षी कमी आणि माप अधिक लागते. नवे काम घेण्यापूर्वी ते नियमात बसते काय, हे महानगरपालिकेत किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. कतरणही नाल्यात किंवा उकिरड्यावर न टाकता स्वच्छ व वेगळी साठवावी. तिचा पुनर्वापर होतो.

यंत्र परवडते की नाही हे सांगोवांगी ठरवू नये. एक महिना वही ठेवावी : किती शीट आणल्या, किती तुकडे निघाले, किती वाया गेले, किती तास लागले. पुढील महिन्यात गरम तारेने तेवढेच काम करून तीच वही भरावी. दोन पाने शेजारी ठेवली की उत्तर मिळते.

शेवटी एक विनंती. आमच्याकडील तो पोरगा आज स्वतः कारीगर आहे आणि नवे यंत्र त्यानेच बांधले. आडव्या हाताच्या लाकडावर त्याने खडूने तीन ओळी लिहून ठेवल्या आहेत : 'थेट वीज नाही. गादीचा फोम नाही. बटन सोडा, मग वळा.' खडू पुसला गेला की तो पुन्हा लिहितो. ज्यांच्या कारखान्यात अशी तार असेल त्यांनीही एवढे लिहून ठेवावे, आणि ज्यांची तार अजून सॉकेटला थेट जोडलेली आहे त्यांनी हा अंक बाजूला ठेवून आधी प्लग काढावा.